वणवा : कोणी लावला, कोणी विझवला?

वणव्याला इतिहास नसतो, असे आपल्याकडे धरून चालतात. उन्हाळा आला की डोंगर पेटतो, मृग बरसला की तोच डोंगर हिरवा होतो. मध्ये वर्तमानपत्रात चार ओळी येतात : 'अज्ञात इसमाने लावलेल्या आगीत वनसंपदा खाक.' पण हा अज्ञात इसम वाटतो तितका अज्ञात नसतो. बातमी लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या मनात त्याचा चेहरा आधीच ठरलेला असतो. तो काळा असतो, उघडा असतो, त्याच्या कमरेला कोयता असतो आणि तो पाड्यावर राहत असतो. त्याला नाव नसले तरी जात असते.

नाशिक जिल्ह्याची पश्चिम बाजू म्हणजे सह्याद्रीचा कणा. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, दिंडोरी, कळवण, बागलाण या तालुक्यांच्या डोंगरांवर फाल्गुन-चैत्रात रात्री आगीच्या माळा दिसतात. शहरातला माणूस गच्चीवरून त्या बघतो, हळहळतो आणि 'या लोकांना कधी अक्कल येणार' असे म्हणून झोपी जातो. 'हे लोक' कोण, त्यांचे आणि आगीचे नाते काय, ती आग गुन्हा कधी ठरली, कोणी ठरवली, आणि विझवायला कोणाला जुंपले, हे प्रश्न त्याला पडत नाहीत. मला ते पडतात, कारण त्यांतल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या घरात आहे.

१

आपल्या संस्कृतीने गौरवलेला पहिला मोठा वणवा महाभारतात आहे. तो खांडववनाचा. अग्नीची भूक भागवायची म्हणून कृष्ण आणि अर्जुन अरण्याच्या दोन्ही बाजूंना शस्त्रे घेऊन उभे राहिले आणि बाहेर पळणारा जीव पुन्हा आगीत ढकलला गेला. त्या अरण्यात तक्षकाचे नागकुळ राहत होते. वाचले ते मोजके. त्यांतला एक मयासुर. तो वाचला, कारण त्याच्या हातात कसब होते आणि त्या कसबाची राजाला गरज होती. पुढे त्याने पांडवांची सभा बांधून दिली. अरण्यवासीयांपैकी जिवंत ठेवायचा तो राबणारा हात, एरवी कुळाचे कूळ राख झाले तरी तो धर्म. ही कथा हजारो वर्षे पुण्य म्हणून ऐकवली गेली. नागपूरच्या दीक्षेनंतर १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी नाग लोकांची आठवण काढली, ती उगाच नव्हे. इतिहास जाळणाऱ्यांनी लिहिला की जळणाऱ्यांचे काय होते, हे त्यांना ठाऊक होते.

एवढ्यासाठीच ही कथा येथे घेतली. राजाने अरण्य पेटवले तर तो यज्ञ होतो. कोकण्याने, वारल्याने, कातकऱ्याने पालापाचोळा पेटवला तर तो अपराध होतो. आगीचा धर्म एकच, पण पेटवणाऱ्याच्या पायरीप्रमाणे तिचे नाव बदलते.

२

डोंगरातल्या माणसाची आग कशी होती? सह्याद्रीत भात आणि नागली यांचे बी थेट शेतात फेकून भागत नाही. मुसळधार पाऊस आणि पातळ जमीन यांच्यामुळे आधी रोप तयार करावे लागते. त्यासाठी वावराच्या एका कोपऱ्यात शेण, झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत आणि वरून माती असे थर देऊन ते मे महिन्यात सावकाश जाळायचे. यालाच राब म्हणतात, दाढ भाजणे म्हणतात. त्याने जमीन भाजून निघते, तणाचे बी मरते, राखेचे खत मिळते आणि पहिल्या पावसात रोप तरारून उठते. ज्याच्याजवळ विकतचे खत नाही, नांगराला बैल आहे तर चारा नाही, अशा माणसाने शेकडो वर्षांच्या अनुभवातून काढलेली ही रीत होती. वरकस जमिनीवर नागली, वरई, खुरासणी आलटून पालटून घ्यायची आणि जमीन थकली की ती पडीक टाकायची, हा त्याच शेतीचा दुसरा भाग. ही आग राखणीतली असे. वारा बघून, बाजूचे गवत काढून, माणसे उभी करून ती लावत. राबाची ठिणगी उडून डोंगर पेटे, हेही खरे. पण डोंगर पेटला तर त्याचाच चारा जाई, त्याचाच मोह जाई. म्हणून तोच धावून विझवी.

सरकार आले ते सागाची फळी बघत. जहाजे आणि पुढे रेल्वेचे स्लीपर यांसाठी लाकूड हवे होते. १८६४ मध्ये ब्रँडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला, १८६५ मध्ये पहिला जंगल कायदा आला आणि १८७८ मध्ये त्याहून कडक असा दुसरा. त्याच दशकात सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात आग पूर्ण बंद करण्याचा प्रयोग यशस्वी झाल्याचा डंका पिटला गेला होता. आग म्हणजे शत्रू, आणि आग लावणारा रयत म्हणजे त्या शत्रूचा हस्तक, हे जंगलखात्याचे तत्त्वज्ञान झाले. गंमत अशी की याच खात्याला पुढे ब्रह्मदेशात आणि बंगाल-आसामच्या सालवनांत उलटा अनुभव आला. आग अजिबात बंद केल्यावर खाली झुडुपांची गर्दी वाढली आणि साग-सालाची नवी रोपे उगवेनात. मग विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत साहेबांनी ठरवून आग लावायला सुरुवात केली. तिला शास्त्र म्हटले गेले. आजही आपल्या डोंगरांत खाते जाळरेषा काढते, म्हणजे पट्ट्यापट्ट्याने गवत जाळून आग अडवते. ते योग्यच आहे. पण हेच ज्ञान ज्याच्याजवळ आधी होते, त्याला शंभर वर्षे अडाणी म्हटले, याचा हिशेब कोणी केला?

पेठ संस्थान १८७८ सालीच इंग्रजी मुलखात आले. म्हणजे एकाच वर्षी तिथल्या कोकणा-कोळ्यांना नवा राजा मिळाला आणि नवा जंगल कायदाही. शेजारच्या ठाणे-कुलाब्यात राबाचा पाला तोडण्यावर आणि चराईवर बंधने आली, तेव्हा इतका असंतोष माजला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. त्याच्या आधीच, १८८३ मध्ये, जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून जंगलखात्यावर बोट ठेवले होते. पूर्वी गरीब शेतकरी रानातली फळे, पाने, मोह गोळा करून आणि चार जनावरे चारून पोट भरी. खात्याने डोंगर-दऱ्या घेरल्या आणि त्याच्या शेळीलाही जागा उरली नाही, हे त्यांनी सांगितले. आपल्या पर्यावरणाच्या चर्चांत परदेशी नावे पुष्कळ येतात. जोतीरावांचे नाव क्वचितच येते.

३

आता कायद्याच्या कलमांकडे वळतो. १९२७ चा भारतीय वन अधिनियम हा १८७८ चाच वारस. स्वातंत्र्य आले, प्रजासत्ताक आले, तरी मूळ चौकट तीच राहिली. त्याच्या २६ व्या कलमाने राखीव जंगलात आग लावणे गुन्हा ठरवले. मूळ शिक्षा सहा महिने कैद किंवा पाचशे रुपये दंड. १९२७ साली पाचशे रुपये पाहिलेला माणूस पाड्यावर कुठून असणार? पण खरी धार त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात आहे. राखीव जंगलात कोणी मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली, तर त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे सर्व हक्क सरकारला वाटेल तितका काळ थांबवता येतात. गुन्हा एकाचा, उपाशी सगळा गाव. ही सामूहिक शिक्षा आहे. गावकीत एकाच्या 'अपराधा'साठी सगळ्या महारवाड्यावर बहिष्कार टाकत, त्याच जातीचे हे कलम.

दुसरे कलम ७९. जंगलात ज्याला काही हक्क वा परवानगी आहे तो, आणि जंगलालगतच्या गावातला जो माणूस सरकारचा नोकर आहे किंवा गावाच्या सेवेबद्दल सरकारकडून मोबदला घेतो तो, अशा प्रत्येकाने दोन गोष्टी करायच्या. जंगलातल्या गुन्ह्याची खबर द्यायची आणि आग दिसली की कोणी सांगो वा न सांगो, जाऊन विझवायची. न केल्यास एक महिना कैद किंवा दोनशे रुपये दंड, किंवा दोन्ही.

गावाच्या सेवेबद्दल सरकारकडून मोबदला घेणारा हा माणूस कोण? कायद्याची भाषा मोठी निर्विकार आहे. पण महाराष्ट्रातल्या खेड्यात त्या शब्दांचा अर्थ पाटील-कुलकर्ण्यांपासून सुरू होऊन महारापाशी संपतो, आणि काम नेहमी शेवटच्या पायरीवर येऊन थांबते. १८७४ च्या वतन कायद्याने महाराला सरकारी चाकर केले होते. रात्रंदिवस केव्हाही बोलवा, मोबदला म्हणून वतनाचा तुकडा आणि बलुत्याची भाकर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले, ते हीच वेठ मोडण्यासाठी.

माझे आजोबा दिंडोरी तालुक्यात डोंगराच्या कुशीतल्या एका गावचे वतनदार महार. वणव्याच्या रात्री काय होई, ते मला आजीने सांगितले. पाटलाचा माणूस महारवाड्याच्या तोंडाशी उभा राहून हाक मारी. ज्याची पाळी असेल तो आणि त्याच्याबरोबर घरातले जेवढे हात असतील तेवढे निघत. हत्यार म्हणजे ओल्या डहाळ्या. त्यांनी जळते गवत झोडपायचे. पायात वहाण असली तर असली. पलीकडून पाड्यावरचे कोकणे येत, कारण न आले तर चराई बंद. मध्ये गावातले जमीनदार मात्र नसत. डोंगराच्या पायथ्याची गंजी त्यांची, वाचवायचे गवत त्यांचे, पण आग 'सरकारी' असल्याने ती विझवणे त्यांचे काम नव्हते. एका वर्षी आजोबांचे दोन्ही तळवे भाजले. आजीने चुन्याच्या निवळीत तेल घोटून लावले. तिसऱ्या दिवशी त्याच पायांनी त्यांना अंमलदाराकडे खबर घेऊन धाडले : आग कोणत्या पाड्यावरून आली?

या प्रश्नात सगळे राजकारण आहे. आग विझवताना महार आणि कोकणा खांद्याला खांदा लावून उभे होते. आग विझल्यावर कायद्याने एकाला खबऱ्या केले आणि दुसऱ्याला आरोपी. महाराने नाव सांगितले तर पाडा त्याचा वैरी होई आणि न सांगितले तर तोच गुन्हेगार. आजोबांनी त्या खेपेला 'आभाळातून वीज पडली' असे सांगितले. चैत्रात, कोरड्या आभाळातून. अंमलदाराने त्यांना दिवसभर उन्हात उभे केले. आजी हे हसत सांगायची, पण 'महारानं नाव सांगितलं' असा शब्द पाड्यावर दोन पिढ्या टिकला, हेही तीच सांगायची. दोन दडपलेल्या समाजांमध्ये अविश्वासाची जी भिंत आपण आज चळवळीत अनुभवतो, तिचा एक दगड या ७९ व्या कलमाचा आहे. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा. वेठ कागदावरून गेली, पण ती भिंत गेली नाही.

४

१९३० हे साल नाशिकच्या इतिहासात दोनदा लिहावे लागते. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्यात दादासाहेब गायकवाड पुढे होते. ते दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. त्याच वर्षी महाराष्ट्रभर जंगल सत्याग्रह झाले. २५ सप्टेंबरला उरणजवळ चिरनेरला गोळीबार झाला, आणि आपल्या जिल्ह्यात बागलाण भागातल्या चणकापूरला आदिवासी जंगलासाठी उभे राहिले. एक दार देवळाचे, एक दार रानाचे, आणि दोन्ही बंद. पण दोन्ही लढे एकमेकांना भेटले नाहीत. जंगल सत्याग्रहाचे नेतृत्व बहुतेक ठिकाणी काँग्रेसच्या वरच्या जातींकडे होते, आणि काळारामाच्या दाराशी दगड झेलणाऱ्यांकडे तेच वर्ग पाठ फिरवून उभे होते.

पुढे दादासाहेबांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. पडीक, गायरान आणि जंगलातली कसण्याजोगी जमीन भूमिहीनांना द्या, ही मागणी घेऊन लाखांवर माणसे तुरुंगात गेली. नाशिकने दिलेला हा विचार होता : जंगलाचा प्रश्न हा जमिनीचा प्रश्न आहे, आणि जमिनीचा प्रश्न हा जातीचा प्रश्न आहे.

कुमाऊँमध्ये १९२१ साली बेगारीविरुद्ध उठलेल्या लोकांनी राखीव जंगले पेटवून दिली. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली आणि १९३१ मध्ये वनपंचायती आल्या. म्हणजे आग हे कधी कधी निवेदनही असते. ज्याचा अर्ज कोणी वाचत नाही, तो डोंगरावर मोठ्या अक्षरात लिहितो. मी त्याचे समर्थन करीत नाही. त्या लिहिण्यात त्याचाच डोंगर जळतो. पण ती अक्षरे वाचायची सोडून नुसता धूर मोजणे हा अभ्यास नव्हे.

५

आता आजच्या आगीकडे बघू, आणि प्रामाणिकपणे बघू. आपल्याकडे निसर्गाने आपोआप लागणारा वणवा जवळजवळ नाही. आग माणसाचीच. मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, कोवळे गवत फुटावे म्हणून माळ पेटवतात, बांध जाळताना आग निसटते, मध काढताना चूड पडते, शिकारीसाठी रान उठवतात. त्यात आपली माणसे आहेत. ते लपवण्यात अर्थ नाही. पण अंजनेरी-ब्रह्मगिरीवर सिगारेटचे थोटूक टाकणारा सहलवाला आहे आणि रस्त्याच्या कडेचा कचरा पेटवणाराही आहे. त्यांचा चेहरा 'अज्ञात इसमा'त कधी धरला जात नाही.

दर वर्षी डोंगर जळाला की काय होते? जाड सालीची आणि बुंध्यातून फुटणारी झाडे टिकतात. कोवळी रोपे मरतात. चांगले गवत मागे पडून कुसळी माजते. जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, सरडे, साप, कासव यांना पळता येत नाही. अंजनेरीचे उदाहरण घ्या. तिथल्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात, आणि कंदीलपुष्पाची एक जात याच डोंगराच्या नावाने शास्त्राला ठाऊक झाली. अशा ठिकाणी दर वर्षीची आग परवडणारी नाही. सर्वांत मोठे नुकसान मातीचे. पाचोळ्याचे पांघरूण जळाले की पहिला मुसळधार पाऊस उघड्या मातीवर पडतो. माती राखेसकट ओढ्यात, ओढ्यातून धरणात जाते. डोंगर पाणी धरत नाही. पेठ-सुरगाण्यात धो धो पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये तिथल्याच बाया हंडा घेऊन झऱ्याच्या तळाशी वाटीने पाणी भरतात. या विसंगतीला कारणे अनेक, पण जळणारा डोंगर त्यांतले एक आहे.

पैशाचा हिशेब वेगळाच. २०१९-२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांत ३३ माणसे थेट मेली, तीन हजारांवर घरे गेली, २ कोटी ४० लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र जळाले. तिथे राजकीय चौकशी आयोग बसला, विम्याचे दावे झाले, आणि आदिवासींची थंड हंगामातली छोटी छोटी आग गोऱ्या वसाहतीने बंद पाडली ती चूक होती काय, याची चर्चा सुरू झाली. आपल्याकडचा वणवा असा राक्षसी नसतो. तो गवतातून सरपटत जातो, माणसे क्वचित मारतो. म्हणून त्याचे नुकसान दिसत नाही. गवताचे भारे, मोहाची फुले, कुडाची झोपडी, दोन वर्षांच्या आंब्याच्या कलमांची वाडी, यांचा विमा कोणी उतरवत नाही. पाड्यावरच्या बाईचे चार महिन्यांचे पोट जळाले तरी ती कोणत्याच तक्त्यात मावत नाही. उपग्रहाला आगीचा ठिपका दिसतो. त्या ठिपक्याखाली कोणाची चूल होती, हे त्याला दिसत नाही.

आणि एक गोष्ट कोणीच बोलत नाही. दिवाळीनंतर पेठ, सुरगाणा, त्र्यंबकचे पाडे रिकामे होतात. धडधाकट माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. द्राक्षांचा तोडा आणि वणव्याचा हंगाम एकच. डोंगर पेटतो तेव्हा पाड्यावर म्हातारी आणि पोरे असतात. पूर्वी आग निसटली तर विझवायला शंभर हात होते. आज ते हात दुसऱ्याच्या बागेत घड कापत असतात. जंगलावरचा हक्क काढून घेतला, शेती पोटाला पुरेनाशी झाली, माणूस खाली उतरला आणि डोंगर बेवारस झाला. वणवा वाढला असेल तर तो माणसाच्या अडाणीपणाने नव्हे, त्याच्या गैरहजेरीने वाढला आहे.

६

मग करायचे काय? २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनसंसाधनाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. त्याच कायद्याच्या अंमलबजावणीसाठी ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून हजारो आदिवासी शेतकरी मुंबईला चालत निघाले. परीक्षा देणाऱ्या मुलांना त्रास नको म्हणून शेवटची मजल त्यांनी रात्री चालून काढली. त्या भेगाळलेल्या टाचांची छायाचित्रे सगळ्या देशाने पाहिली. वणव्याच्या हंगामातच ही माणसे रानावरचा आपला हक्क मागत होती. ज्याच्या हाती सातबारा नाही, ज्याला उद्या हाकलतील, तो डोंगर का राखील? राखण फुकट मागायची नाही. जाळरेषा काढणे, पाचोळा बाजूला करणे, पाळीने पहारा देणे, ही मजुरीची कामे आहेत. ती ग्रामसभेकडून, हंगामात, रोख मजुरीने झाली पाहिजेत. नाही तर ७९ व्या कलमाची वेठ नव्या नावाने परत येईल. आणि एकाच्या आगीसाठी सगळ्या गावाचा चारा बंद करणारे ते पोटकलम संविधानाच्या देशात राहता कामा नये.

शेवटी आपल्यापुरते. नाशिक जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमाती सुमारे २६ टक्के आणि अनुसूचित जाती सुमारे ९ टक्के. डोंगरालगतच्या गावांतले आपले बांधव वनहक्क कायद्यात 'इतर पारंपरिक वननिवासी' ठरतात. आदिवासीला १३ डिसेंबर २००५ चा ताबा दाखवावा लागतो. आपल्याला त्या तारखेच्या आधीच्या तीन पिढ्यांचा, पंचाहत्तर वर्षांचा रहिवास आणि जंगलावरचे अवलंबन सिद्ध करावे लागते. म्हणजे डिसेंबर १९३० पासूनचे. काळारामाच्या दाराशी आपण उभे होतो त्या वर्षापासूनचे! पुरावा कुठून आणायचा, असे आपली माणसे विचारतात आणि अर्ज न करताच घरी बसतात.

पुरावा आहे. ज्या वतनाने आपल्याला बांधून ठेवले, त्याचे कागद तालुक्याच्या दप्तरात आहेत. आपण त्या गावचे होतो आणि त्याच गावी राबत होतो, हे तेच सांगतात. कायदा वडीलधाऱ्यांचे जबाबही पुरावा म्हणून मानतो. पाड्यावरच्या म्हाताऱ्याने महाराच्या बाजूने सांगावे की हा आमच्याबरोबर आग विझवायला होता, आणि महाराने पाड्याच्या बाजूने सांगावे की आग यांनी लावली नव्हती. कायद्याने एकमेकांविरुद्ध उभे केलेले हे दोन साक्षीदार एकाच ग्रामसभेत शेजारी बसून एकमेकांसाठी बोलले, तर गुलामगिरीचा तो कागद हक्काचा कागद होईल. ही कामे करायला उद्याची वाट बघण्याची गरज नाही. तलाठ्याच्या दप्तराचा नक्कल-अर्ज आजही करता येतो.